उतारावरची कार्यशाळा: प्रशिक्षण इमारतीच्या कामाच्या नोंदी

९ सप्टेंबर

जागा ताब्यात आली. साधारण १२,००० चौरस मीटर, उत्तरेकडे उतार, तळाला ओढा, मध्ये अकरा मोठी झाडं. मागणी अशी: टर्निंग-मिलिंग (यंत्रांवर धातू कापायचं मशिनशॉप), वेल्डिंग, फिटिंग आणि वीजकाम असे चार विभाग, दोन वर्गखोल्या, स्टोअर, एका वेळी १२० प्रशिक्षणार्थी. पत्रात एक ओळ होती, "इमारत परिसराला शोभेल अशी असावी." शोभेल म्हणजे काय हे कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्या डोक्यात दगडी भिंती, लाकडी खिडक्या आणि वेली होत्या. पुढच्या वर्षभरात यातलं जवळजवळ काहीच झालं नाही.

मोजणीचा नकाशा एक मीटरच्या कंटूरचा घेतला, म्हणजे उंची एक मीटरने बदलली की एक रेषा. मोजणीवाल्याने विचारलं होतं, याहून जवळच्या रेषा हव्यात का; त्याला तीन दिवस जास्त लागले असते. मी म्हटलं, कशाला? ही पहिली चूक, आणि बहुतेक सगळ्यात महाग पडलेली.

२१ सप्टेंबर

पहिला आराखडा: सगळी इमारत खांबांवर उचललेली. खालून उतार तसाच, गवत तसंच, पाणी तसंच वाहणार. चित्र देखणं झालं होतं. टर्निंगच्या सरांनी ते पाच मिनिटं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, माझं सरफेस ग्राइंडर कुठल्या मजल्यावर आहे?" धातूचा पृष्ठभाग घासून अगदी सपाट करणारं ते यंत्र.

मग त्यांनी कपाटातून मशिन बसवताना वापरायची लेव्हल काढून टेबलावर ठेवली. मीटरला ०.०२ मिलिमीटरचा फरक दाखवणारी. टेबलाला कोपर टेकवलं तरी बुडबुडा सरकला. ज्या फरशीखाली पोकळी आहे, शेजारून ट्रॉली जातेय, पलीकडे कोणी घण घालतंय, तिथे हे यंत्र ठेवून पोरांना अचूकपणा शिकवायचा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बारा दिवसांची रेखाटनं बाद. नवा नियम भिंतीवर लिहून ठेवला: जड ते जमिनीवर, हलकं ते खांबांवर. मशिनशॉप, वेल्डिंग, फिटिंग खाली. वर्गखोल्या आणि कार्यालय उचललेले.

३ ऑक्टोबर

झाडं मोजली. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर घ्यायचा, ३.१४ ने भागून व्यास काढायचा आणि व्यासाच्या बारा पट त्रिज्येचं वर्तुळ झाडाभोवती आखायचं. या वर्तुळात खोदाई नाही, भराव नाही, गाडी नाही. उंबराचा घेर १.९ मीटर निघाला, म्हणजे व्यास ६० सेंटिमीटर, त्रिज्या ७.२ मीटर. माझ्या आराखड्यात खोडापासून ३ मीटर सोडले होते आणि शेजारी हिरव्या अक्षरांत "झाड वाचवले" असं लिहिलंही होतं. त्या हिशेबाने झाड दोन-तीन वर्षं उभं राहिलं असतं आणि मग वाळलं असतं. तोवर उद्घाटनाचे फोटो काढून झाले असते.

मुळं खोडाच्या खाली सरळ पाताळात जातात हा माझा समज होता. बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीत आडवी पसरलेली असतात. खोडाला धक्का न लावताही झाड मारता येतं, ते असं.

खरी वर्तुळं काढल्यावर इमारत बसेना. दोन दिवस ओढाताण करून शेवटी अकरापैकी दोन झाडं काढायचं ठरवलं, परवानगीसाठी अर्ज केला. एक आतून पोखरलेलं होतं. दुसरं चांगलं होतं. ते वाचवता आलं नाही, एवढंच लिहिते.

१८ ऑक्टोबर

कोपऱ्यांच्या पातळ्या जुळेनात म्हणून पुन्हा मोजणी केली, या वेळी २५ सेंटिमीटरच्या कंटूरची. मशिनशॉपच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागाखालून एक खोलगट पट्टा गेलेला निघाला. पाच मीटर रुंद, मध्यावर ६० सेंटिमीटर खोल. एक मीटरच्या रेषांमध्ये तो दिसणारच नव्हता, आणि जागेवर गवत कमरेएवढं होतं. वरच्या टेकाडाचं पाणी ओढ्याला जातं ते याच वाटेने. झाडांची देखभाल करणाऱ्या मामांना विचारलं तर ते म्हणाले, "तिथं पावसात पाय रुततो. तुम्ही विचारलं नाही कधी."

भराव टाकून पट्टा बुजवता आला असता. पण त्या पाण्याला आपण वाट दिली नाही तर ते स्वतः काढतं, आणि ती बहुधा आपल्या जोत्याखालून असते. म्हणून इमारतच दोन तुकड्यांत केली. पश्चिमेला मशिनशॉप, पूर्वेला वेल्डिंग आणि फिटिंग, आणि मधल्या खोलगट पट्ट्यावर खांबांवर उभ्या वर्गखोल्या, पुलासारख्या. वीजकामही तिथेच वर. भेट देणारे सगळे याच भागाचं कौतुक करतात. हा आराखडा मी केला असं म्हणायला जीभ रेटत नाही, तो त्या ओघळाने केला.

पुन्हा रेखाटनं: १९ दिवस. मोजणीचे तीन दिवस वाचवले होते.

६ नोव्हेंबर

छप्पर. मशिनशॉपला करवतीच्या दात्यांसारखं छप्पर द्यायचं पक्कं होतं: उत्तरेकडे उभ्या काचा, सावली न पाडणारा सारखा उजेड, ऊन आत नाही. कारखान्यांसाठी हा जुना आणि चांगला उपाय आहे. पण झाडांमध्ये वसलेली अशीच एक जुनी कार्यशाळा पाहायला गेलो आणि पाहिलं की दात्यांमधल्या प्रत्येक पन्हळीत पानांचा ओला थर साचलेला. पाणी पन्हळीतून बाहेर न जाता आत उतरत होतं, थेट मशिनवर. तिथल्या माणसाने सांगितलं, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा वर चढावं लागतं. आमच्याकडे वर कोण चढणार?

म्हणून दोनच उतार ठेवले. दक्षिणेकडचा उतार उंच चढून पुढे येतो, त्याच्या खाली उभ्या काचांची एक लांब पट्टी उत्तरेकडे तोंड करून, आणि तिच्या पायथ्यापासून उत्तरेचा उतार सुरू. मध्ये पन्हळ नाही. वळचणीलाही पन्हळ नाही. पागोळ्या खाली दगड भरलेल्या चरात पडू द्यायच्या. पानं पडली तर जमिनीवर पडतील, झाडूने निघतील. उजेड दात्यांच्या छपराएवढा सारखा नाही. दक्षिणेच्या भिंतीजवळ तो कमी पडतो, म्हणून तिथे हत्यारांची कपाटं आणि पॉवर सॉ ठेवले. ही तडजोड आहे, पण रोज दिसणारी. पन्हळीतली गळती वर्षभर दिसत नाही आणि मग एका रात्रीत दिसते.

२७ नोव्हेंबर

चुना टाकून आखणी. मालाची गाडी झाडांच्या वर्तुळांना वळसा घालत नागमोडी वाटेने स्टोअरपर्यंत येणार होती. कागदावर ही वाट मला फार आवडली होती. मुकादम म्हणाला, धातूचे बार किती लांबीचे येतात? सहा मीटर. त्याने दोन माणसांच्या खांद्यावर सहा मीटरचा पाइप दिला आणि वाटेवरून चालायला सांगितलं. दुसऱ्या वळणावर पाइप करंजाच्या खोडाला टेकला, तिसऱ्यावर मागचा माणूस चुन्याच्या रेषेबाहेर गेला.

अर्ध्या दिवसात स्टोअर उचलून रस्त्याच्या कडेला आणलं. आता मालगाडी आवारात शिरतच नाही. बार स्टोअरमध्येच कापून, ट्रॉलीवर तुकडे आत जातात. गाडीसाठी लागणारा जवळपास ९० मीटर रस्ता वाचला आणि तेवढी जमीन दबायची राहिली. संपूर्ण कामातली सर्वांत स्वस्त सुधारणा एका पाइपाने झाली. जो कोणी असं काही बांधत असेल त्याने आखणीच्या दिवशी सगळ्यात लांब वस्तू हातात घेऊन चालून पाहावं.

१५ डिसेंबर

खोदाई सुरू. वरची २० सेंटिमीटर माती वेगळी काढून बाजूला ठेवली, ढीग दीड मीटरच्या वर जाऊ दिला नाही. हे नीट झालं.

नीट झालं नाही ते असं: झाडांच्या वर्तुळांवर फक्त रंगीत फीत बांधली होती. रविवारी मी नव्हते. सोमवारी आले तर फीत गुंडाळून फांदीला टांगलेली, उंबराच्या सावलीत खोदाईचं यंत्र उभं, आणि मुळांवर कंबरभर मुरूम. ड्रायव्हरचं म्हणणं, "बाकी सगळीकडे ऊन होतं ताई." त्याचं काय चुकलं? सावलीत यंत्र उभं करू नको हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि फीत म्हणजे भिंत नव्हे.

मुरूम यंत्राने काढला असता तर मुळं आणखी दबली असती. सहा माणसं, तीन दिवस, फावडी आणि घमेली. मग सगळ्या नऊ झाडांभोवती बांबू रोवून छातीएवढं कुंपण घातलं. हे पहिल्या दिवशी केलं असतं तर एका दिवसाचं काम होतं.

१२ जानेवारी

मशिनशॉपच्या पूर्व टोकाच्या खड्ड्यांत १.४ मीटरवर पाणी लागलं. पाऊस थांबून महिने झालेत आणि खड्ड्यात घोटाभर पाणी! मामा येऊन बघून गेले. "उंबर आहे म्हणजे पाणी असणारच," म्हणाले, आणि हे मला कोणत्याच चाचणीच्या अहवालात न मिळाल्याबद्दल मी रागावले, ते चूक होतं. मातीच्या चाचणीसाठी तीन भोकं घेतली होती, त्यांतलं एकही या टोकाला नव्हतं.

दोन दिवस पंप लावला. रात्री बंद केला की सकाळी पाणी पुन्हा तेवढंच. तसंच उपसत राहिलो असतो तर आमच्याबरोबर उंबराच्याही तोंडचं पाणी पळालं असतं. अभियंत्यांनी त्या टोकाचे तीन स्वतंत्र पाये रद्द करून कमी खोलीवर एकच रुंद पाया दिला, खाली दगडांचा थर, म्हणजे पाणी अडणार नाही, सरकत राहील. काँक्रीट आणि सळया मिळून पायाचा खर्च अंदाजापेक्षा ६ टक्क्यांनी वाढला. ११ दिवस गेले.

८ फेब्रुवारी

जोतं भरून झालं. दक्षिणेच्या आधारभिंतीत पाणी निघायला पाइप ठेवले, मागे खडी. विशेष काही नाही.

१९ मार्च

ही नोंद लांब आहे, कारण यात माझा अहंकार दुखावला.

वेल्डिंगचा विभाग मी जवळजवळ उघडा ठेवला होता. पश्चिमेकडून वारा येतो, धूर आपोआप जातो, पंख्यांची गरज नाही, समोर झाडं. वेल्डिंगच्या मॅडमनी छप्पर चढल्यावर एक मशिन आणून मिगचा जोड करून दाखवला. बाहेरून बरा दिसत होता. ग्राइंडरने वरचा थर काढला तर आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं. मिग आणि टिग या वेल्डिंगच्या दोन पद्धतींमध्ये वितळलेल्या धातूभोवती वायूचं पांघरूण लागतं; वाऱ्याची झुळूक ते पांघरूण उडवते आणि हवा आत शिरते. सेकंदाला दोन मीटर, म्हणजे चेहऱ्याला जेमतेम जाणवणारा वारा, एवढ्यानेही जोड बिघडतो. "तुमच्या खोलीत बसायला छान वाटेल," मॅडम म्हणाल्या, "पण माझी सगळी मुलं नापास होतील."

आधी मी जाळीच्या भिंती सुचवल्या. जाळीतूनही वारा येत होता, फक्त तुकड्यातुकड्याने. पाच दिवस वाया. मग त्यांच्याबरोबर बसून ठरवलं: प्रत्येक बूथला, म्हणजे एकेका वेल्डरच्या कप्प्याला, १.८ मीटर उंचीचे पडदे, खाली ३० सेंटिमीटर मोकळे. वारा डोक्याच्या वरून, छपराखालच्या झरोक्यांतून जाईल. हाताच्या उंचीवर हवा शांत राहील. पण हवा शांत म्हणजे धूरही शांत, तो वेल्डरच्या नाकासमोरच थांबणार. म्हणून प्रत्येक बूथमध्ये धूर जागच्या जागी ओढणारा नळा. ओढ एवढीच की जोडापाशी सेकंदाला अर्धा मीटर. त्यापेक्षा वाढवली की पुन्हा वायूचं पांघरूण उडतं. पंखे नकोत म्हणणाऱ्या मला शेवटी आठ पंखे लावावे लागले.

१६ एप्रिल

बूथच्या आतला रंग. चकचकीत पांढरा आणला होता, उजेड वाढेल म्हणून. परत पाठवला. वेल्डिंगच्या विजेच्या ठिणगीतले (आर्कमधले) अतिनील किरण चकचकीत पृष्ठभागावरून उलटून मागून हेल्मेटच्या आत येतात. टिटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलेला बिनचमकेचा रंग ते शोषतो. हलका राखाडी लावला.

मशिनशॉपचे दिवेही बदलले. स्वस्तातले एलईडी लावले होते. टर्निंगच्या सरांनी लेथ १,५०० फेऱ्यांवर चालू केला आणि चार जबड्यांचा चक, म्हणजे काम पकडून फिरणारा भाग, माझ्या डोळ्यांसमोर थांबलेला दिसला. मिनिटाला १,५०० म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्या, गुणिले ४ जबडे, बरोबर १००. आणि ५० हर्ट्‌झच्या विजेवर हलक्या प्रतीचे दिवे सेकंदाला १०० वेळाच लुकलुकतात. नवशिक्या पोराने थांबलाय म्हणून हात घातला असता. ज्यांचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) लुकलुकू देत नाही असे दिवे आणले. तपासायला मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा पुरतो. काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा नको.

९ मे

काचा बसल्यापासून तीन आठवड्यांत चार पक्षी आपटून मेले. उत्तरेच्या काचांत झाडं दिसतात, ते त्यांना खरं रान वाटतं. आधी ससाण्याच्या आकाराचं एक मोठं स्टिकर लावलं. पाचवा पक्षी त्याच्या हातभर बाजूला आपटला. मग ठिपक्यांचा पातळ कागद आतून चिकटवला. बाहेरून प्रतिबिंब तसंच राहिलं, काही उपयोग नाही. शेवटी बाहेरच्या बाजूने, आडव्या-उभ्या ५ सेंटिमीटरवर ठिपके. दोन माणसं, चार दिवस, शिडीवर. त्यानंतर एकही नाही. काचा मागवतानाच ठिपके छापून घेता आले असते.

१४ जून

पहिला मोठा पाऊस. रात्रभर जागी होते, सकाळी सहाला पोहोचले.

छप्पर कोरडं. खोलगट पट्ट्यातून वर्गखोल्यांखालून पाणी जात होतं, जायला हवं तसंच. उत्तरेच्या पागोळ्या दगडांच्या चरात पडत होत्या. आणि मशिनशॉपच्या मागच्या चराच्या तोंडाशी ४० सेंटिमीटर खोल घळ पडलेली, गढूळ पाणी थेट ओढ्यात.

हिशेब पुन्हा केला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. छपराचा दक्षिणेचा उतार २७० चौरस मीटर. तासाला ४० मिलिमीटर धरले तर १०,८०० लिटर. चर एवढ्यासाठी पुरेसा होता. पण त्याच चरात मागच्या टेकाडाचं पाणीही येत होतं, ते मी धरलंच नव्हतं. सुमारे २,००० चौरस मीटरचं टेकाड. अर्धं पाणी जिरलं असं मानलं तरी ४०,००० लिटर, छपराच्या जवळपास चौपट. आणि हे सगळं एकाच तोंडातून.

दुरुस्ती: चराला मधोमध किंचित उंचवटा देऊन पाणी दोन टोकांना वाटलं. प्रत्येक तोंडाशी दगडी पायऱ्या आणि शेवटी आठ मीटर लांबीचा अगदी सपाट दगडी काठ, म्हणजे पाणी धारेने न पडता चादरीसारखं पसरून गवतात उतरतं. काठ सपाट हवा म्हणजे हवाच; पहिल्यांदा एका टोकाला दोन सेंटिमीटर कमी होता आणि सगळं पाणी तिथूनच गेलं. मामांनी टेकाडावर समपातळीत तीन छोटे चर मारायला सुचवलं, तेही केलं. नऊ दिवस, तेही भर पावसात. घळ दगडांनी भरली. ओढ्यात गेलेली माती परत आणता येत नाही.

२० जुलै

मशिनं बसली, पहिली तुकडी आली. तेलासाठी सांडपाण्यावर तेल अडवणारी तीन कप्प्यांची टाकी बांधली होती. तेल वर तरंगतं, पाणी खालून जातं. शेवटच्या कप्प्यात पाहिलं तर पाणी दुधासारखं पांढरं. कूलंट, म्हणजे धातू कापताना थंड ठेवायला मशिनवर सोडतात ते तेलपाणी. ते तेल पाण्यात मुद्दाम इतकं बारीक मिसळलेलं असतं की ते आपोआप वेगळं होतच नाही. टाकी कितीही मोठी केली तरी. टाकी माझ्या हाताने काढलेली, निरुपयोगी नाही, पण ज्यासाठी बांधली त्यासाठी निरुपयोगी.

त्याच दिवशी मशिनशॉपचं सांडपाण्याचं तोंड काँक्रीटने बंद केलं. आता प्रत्येक मशिनखाली ट्रे, सांडलं तर लाकडाचा भुसा टाकून झाडायचं, फरशी पाण्याने धुवायची नाही. वापरलेलं कूलंट झाकणाच्या पिंपांत, परवानाधारक विल्हेवाटदाराकडे. कूलंटने ओला धातूचा कीसही उघड्यावर न ठेवता छपराखाली निथळत ठेवायचा. पोरं पहिले चार दिवस कुरकुरली. सरांनी ट्रे पुसण्याला गुण ठेवले.

३० ऑगस्ट

राहिलेली कामं. ग्राइंडिंगचा आवाज वर्गखोलीपर्यंत जातो; मधलं दार स्वतः बंद होणारं हवं, स्प्रिंग मागवली आहे. संध्याकाळच्या तुकडीत वेल्डिंगचा लखलखाट झरोक्यांतून ओढ्यापर्यंत दिसतो, तिथे आडव्या पट्ट्या बसवायच्या. आवारातले दिवे खाली तोंड असलेले आणि पिवळसर आहेत, पण फाटकावरचा एक कोणीतरी पांढरा लावलाय.

ज्या बाजूला मुरूम पडला होता, त्या बाजूची उंबराची पानं यंदा विरळ आहेत. मुळांवर पालापाचोळ्याचं आच्छादन केलंय. कळायला दोन वर्षं लागतील. कुंपण तोपर्यंत काढायचं नाही, असं फळ्यावर लिहून ठेवलंय.